घामच न येणारे उंदीर आणि गर्भातच झालेला उपचार: नेमकं प्रकरण काय आहे?

उन्हाळ्यात घामाने जीव नकोसा होतो. पण घाम आलाच नाही तर? शरीर थंड होत नाही आणि साधा तापही लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

काही मुलं जन्मतःच अशी असतात. घामाच्या ग्रंथी जवळपास नसतात, केस विरळ, दात मोजकेच. या आजाराचं नाव ‘एक्स-लिंक्ड हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया’. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबातल्या दहा पुरुषांची अशीच लक्षणं नोंदवली होती.

उंदरांमुळे काय कळलं?

‘टॅबी’ नावाच्या उंदरांमध्येही हाच दोष असतो. गर्भातली त्वचा सुरुवातीला सपाट असते. केस कुठे उगवणार, घामाची ग्रंथी कुठे होणार, हे पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवून ठरवतात. ‘ईडीए’ हे जनुक अशाच एका निरोपाचं प्रथिन बनवतं. टॅबी उंदरांत ते बिघडलेलं असतं, म्हणजे निरोप निघतच नाही. ‘डाउनलेस’ उंदरांत निरोप निघतो, पण तो घेणारा रिसेप्टर बिघडलेला असतो. दोन्ही उंदीर दिसतात मात्र सारखेच. कारण साखळी एकच आहे, तुटण्याची जागा वेगळी.

मग उपचार कसा झाला?

२००३ मध्ये संशोधकांनी गाभण टॅबी माद्यांना हे प्रथिन टोचलं. पिल्लांमध्ये केस, दात आणि घामाच्या ग्रंथी तयार झाल्या आणि पुढेही टिकल्या.

माणसांच्या बाळांना मात्र जन्मानंतर प्रथिन देऊन विशेष फायदा झाला नाही, कारण तोवर वेळ निघून गेलेली असते. म्हणून जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये डॉक्टरांनी ते थेट गर्भजलात सोडलं. गर्भातलं बाळ हे पाणी गिळतं. उपचार झालेल्या तिन्ही मुलांना व्यवस्थित घाम येऊ लागला. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मर्यादा काय?

तीन मुलं ही फारच छोटी संख्या आहे, म्हणून पुढे अनेक देशांत मोठी चाचणी हाती घेण्यात आली. शिवाय यात जनुक दुरुस्त होत नाही, त्यामुळे दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, निदान जन्माआधीच व्हायला हवं. त्यामुळे घरात असा रुग्ण असेल, तर गरोदरपणातच, शक्यतो त्याआधी, जनुकतज्ज्ञांचा सल्ला घेणं गरजेचं ठरतं.