भिंगाखालची शाल

पुतण्याने अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील न्यू मेक्सिकोतून एक चित्र आणले: शाल पांघरून बसलेली नाव्हाहो बाई. चित्रकार आर. सी. गोर्मन (१९३१–२००५). दुकानदाराने शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफ, म्हणून भरपूर पैसे घेतलेले. ‘‘काका, विकले तर घराचा हप्ता सुटेल ना?’’

मी वाचायचे भिंग लावले, तर शालीची झाली रंगीत ठिपक्यांची जाळी! हे यंत्रावरचे पोस्टर. खाली सही होती. पण खुद्द गोर्मनने केलेली असली तरी पोस्टर ते पोस्टरच.

शिळाछापासाठी चित्रकार स्वतः दगडावर किंवा पत्र्यावर रेखाटतो. भिंगाखाली खडूचा रवाळ माग दिसतो. तळाशी पेन्सिलीने १२/७५, म्हणजे पंचाहत्तर प्रतींतली बारावी. (बारावी साठावीपेक्षा सरस, हा बाजारी समज हो!) कोपऱ्यात बहुधा छापखान्याची उठावाची मोहोर. जून वेन यांनी १९६० साली लॉस एंजेलिसला काढलेली टॅमरिंड कार्यशाळा १९७० साली आल्बुकर्कला गेली. तिची मोहोर असली तर छपाईबद्दल शंका नको. कडा कापल्या किंवा कागद पुठ्ठ्याला डकवला, की मात्र किंमत उतरलीच.

पुतण्याला हे सांगायला मला दोन दिवस लागले. तोवर वहिनींनी दिवाणखान्यात खिळा ठोकलाही होता.