माइशॉस गावी काय पाहावे?

जर्मनीच्या पश्चिम भागात ऱ्हाइन नदीस मिळणारी आर नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या अरुंद खोऱ्यात माइशॉस हे हजारभर वस्तीचे गाव वसलेले आहे. वर साफेनबुर्ग या जुन्या गढीचे अवशेष, खाली नदी आणि सभोवार द्राक्षवेलींनी भरलेले उभे चढ, असे त्याचे स्वरूप आहे. महाराष्ट्रातील द्राक्ष बागाईतदार अलीकडे अभ्यासदौऱ्यांवर युरोपात जातात. अशा गावी काय पाहावे व काय घेऊन परतावे, याचा विचार निघण्यापूर्वीच झालेला बरा. कारण डोळ्यांस जे प्रथम दिसते तेच सर्वांत उपयोगाचे असते असे नाही.

पाहुण्याच्या डोळ्यांत प्रथम भरतो तो डोंगराचा चढ. दगड रचून बांधलेल्या ताली, त्यांवर काळसर पाटीच्या दगडाची जमीन आणि तीत रुजलेल्या वेली. हा दगड दिवसा तापतो व रात्री ती ऊब वेलींस देतो. जेथे ट्रॅक्टर चढत नाही तेथे कामे हातांनीच करावी लागतात. हे दृश्य मनोहर आहे. परंतु त्याचे अनुकरण नाशिक-सांगलीकडे होणे नाही. माइशॉस पन्नासाव्या अक्षांशाच्याही उत्तरेस आहे. तेथील वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि तिची मुख्य छाटणी वर्षातून एकदाच होते. आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून तिला वळणावर आणावे लागते. तेथे ऊन साठवावयाचे, येथे घडांस उन्हापासून जपावयाचे. तेव्हा तेथील छाटणी व मांडणी जशीच्या तशी उचलणारा बागाईतदार फसल्यावाचून राहणार नाही.

मग पाहावे काय? गावातील द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था पाहावी. इ. स. १८६८ मध्ये अठरा बागाईतदारांनी ती स्थापन केली. जगातील सर्वांत जुनी मद्योत्पादक सहकारी संस्था म्हणून ती ओळखली जाते. मद्य सेवनाचा प्रश्न येथे नाही. प्रश्न शेतमालाच्या किमतीचा आहे. त्या काळी तेथील शेतकऱ्याची जमीन तुटपुंजी, स्वतःचे तळघर नाही, पिंपे नाहीत. द्राक्षे तर तोडल्यावर थांबत नाहीत. व्यापाऱ्यास हे ठाऊक असल्यामुळे भाव तोच ठरवी. दारिद्र्यामुळे अनेक कुटुंबांनी अमेरिकेची वाट धरली. अशा वेळी जे मागे राहिले त्यांनी तळघर सामाईक केले, पिंपे सामाईक केली व विक्रीही सामाईक केली. आदल्याच वर्षी, १८६७ साली, प्रशियाच्या राज्यात सहकारी संस्थांचा कायदा झाला होता. शेजारच्या आल्टेनार गावची संस्थाही पुढे तीत सामील झाली.

जर्मनीतील अशा संस्थांचे नियम साधे, पण कडक असतात. सभासदाने आपला सर्व माल संस्थेसच द्यावयाचा. चांगला घड बाहेर व उरलेला संस्थेत, असे चालत नाही. प्रत्येकाचा माल मोजला जातो व रसातील गोडी तपासली जाते. गोडीचे हे माप ओक्सले या जर्मन संशोधकाच्या नावाने ओळखले जाते. वजन व प्रत यांवर दाम ठरतो. त्यामुळे प्रत राखणाऱ्यास त्याचे फळ मिळते. १८८९ च्या कायद्यापासून संस्थेचे हिशेब बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून घेणे बंधनकारक आहे.

या बंधनाची परीक्षा २०२१ साली झाली. १४ जुलैच्या रात्री आर नदीस महापूर आला. खोऱ्यात १३० हून अधिक माणसे दगावली, पूल वाहून गेले, तळघरे चिखलाने भरली. माइशॉसच्या संस्थेचेही मोठे नुकसान झाले. डोंगरावरील वेली बहुतांशी वाचल्या. परंतु तोडणी दोनच महिन्यांवर आली होती. अन्य प्रांतांतील बागाईतदार अवजारे घेऊन मदतीस धावले. चिखलाने माखलेल्या बाटल्या तशाच विकून खोऱ्यातील उत्पादकांसाठी चाळीस लाख युरोंहून अधिक निधी उभा राहिला. एकेकट्या लहान शेतकऱ्याचे तळघर बुडते तेव्हा तो बहुधा पुन्हा उठत नाही. तोटाही सामाईक असला म्हणजे उठण्याचे बळही सामाईक होते.

ही गोष्ट आपणांस परकी मानण्याचे कारण नाही. आर नदी ऱ्हाइनला मिळते तेथून थोड्याच अंतरावर, पलीकडच्या तीरावर, रायफायझेन यांनी १८६४ साली शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. तिच्या धर्तीच्या संस्थांचा अभ्यास करून निकल्सन यांनी मद्रास सरकारला अहवाल दिला आणि पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. प्रवरानगरचा साखर कारखाना व १९९१ ची महाग्रेप्स ही त्याच विचाराची फळे होत.

उणीव आहे ती निष्ठेची. बाजार चढला की सभासद माल बाहेर घालतो व बाजार पडला की संस्थेच्या दारी येतो. आणि उधारीवर माल नेणारा व्यापारी पैसे बुडवून पसार झाला म्हणजे वर्षभराचे कष्ट मातीस मिळतात. कोणी म्हणेल, व्यापारी जागेवर रोकड देतो, संस्था महिनेन् महिने थांबविते. ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच निष्ठा दोन्ही बाजूंनी हवी: सभासदाने सर्व माल द्यावा व संस्थेने ठरल्या दिवशी दाम द्यावा. यांपैकी एक तुटले की दुसरे टिकत नाही.

तेव्हा दौऱ्यावर निघणाऱ्या बागाईतदाराने व त्यास मार्गदर्शन करणाऱ्या ग्रामसेवकाने तीन प्रश्न टिपून न्यावेत. माल किती व कोणत्या अटीवर घेतला जातो? प्रत कोण व कशी मोजतो? पैसे केव्हा मिळतात? या तिहींची उत्तरे घेऊन परतलेल्याचा प्रवासखर्च वसूल झाला असे समजावे. आणि ज्यास परदेशी जाणे शक्य नाही, त्याने हेच प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेत आपल्या गावच्या संस्थेस विचारावेत. त्यासाठी कोणताही परवाना लागत नाही.