मूत्राशयाचा दाब : आकडा कोणत्या नळीचा?

झाडावरून पडून किंवा अपघातात पाठीचा कणा मोडला, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘चालायला लागेल ना?’ मूत्राशयाची आठवण होते ती कपडे ओले व्हायला लागल्यावर, आणि तीही धुण्याचा त्रास म्हणून. खरा धोका मात्र आत असतो. मज्जारज्जूचा ताबा सुटल्यावर अनेकदा मूत्राशय जोराने आवळतो आणि त्याच वेळी मूत्रमार्गाचा स्नायूही घट्ट मिटतो. दाब वाढत जातो, त्याचा ताण मूत्रपिंडांवर पडतो. संवेदनाच गेलेली असल्याने दुखत काही नाही. वर्षे जातात आणि एक दिवस क्रिएटिनिन वाढलेले सापडते.

म्हणून हा दाब मोजावा लागतो. युरोडायनॅमिक तपासणीत एक बारीक नळी मूत्राशयात आणि दुसरी गुदाशयात घालतात, मग सलाइनने मूत्राशय सावकाश भरतात. पहिल्या दाबातून दुसरा वजा केला, की पोटाचा जोर वगळून मूत्राशयाच्या स्नायूचा दाब उरतो. नेहमीच्या पद्धतीत नळीत पाणी भरलेले असते आणि दाब त्या पाण्यातून बाहेरच्या यंत्रापर्यंत पोहोचतो. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर आलेख बुटका होतो. रुग्ण हलला, नळीला धक्का लागला, की तो थरथरतो.

प्रकाशतंतूच्या सेन्सरमध्ये ही कटकट नाही. काचेच्या बारीक तंतूच्या टोकाशी एक पातळ पडदा असतो. दाबाने पडदा वाकला, की त्याच्यामागची फट बदलते आणि परतणारा प्रकाशही बदलतो. दाब जागेवरच मोजला जातो, शरीरात वीज जात नाही. चालता-फिरता मोजमाप करायचे असेल किंवा रुग्ण चुळबुळ करणारे लहान मूल असेल, तर हा मोठाच फायदा आहे.

पण स्वच्छ आलेख म्हणजे बरोबर आकडा, असे नाही. पाण्याच्या पद्धतीत बाहेरचे यंत्र जघनास्थीच्या वरच्या कडेच्या पातळीवर ठेवतात; मग नळीचे टोक आत कुठेही असो, फरक पडत नाही. प्रकाशतंतूचा सेन्सर मात्र स्वतः जिथे आहे तिथला दाब सांगतो. तो 5 सेंटिमीटर खाली सरकला तर आकडा सुमारे 5 सेंटिमीटरने वाढतो. गुदाशयातला सेन्सर वेगळ्या उंचीवर असेल, तर वजाबाकीच चुकते. शिवाय त्याचा शून्य आत घालण्यापूर्वी ठरवायचा असतो. नंतर तो सरकला, तर आतल्या आत तपासता येत नाही.

हे 5 सेंटिमीटर क्षुल्लक वाटतील. 1981 मध्ये अमेरिकेतील एडवर्ड मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जूत जन्मजात दोष असलेल्या 42 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्याच्या 40 सेंटिमीटरहून अधिक दाबाला ज्यांची लघवी गळत होती, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मूत्रवाहिन्या फुगलेल्या आढळल्या. 40 किंवा त्याखालच्या गटात असे दोघेच होते. तेव्हापासून 40 हा आकडा डॉक्टरांच्या डोक्यात पक्का बसला आहे. तो आहे पाण्याच्या नळ्यांच्या काळातला. आज 37 आणि 42 यांत औषध वाढवायचे की नाही, मूत्राशयात बोटुलिनमचे इंजेक्शन द्यायचे की नाही, इतका फरक पडू शकतो. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने प्रमाण पद्धत म्हणून अजून पाण्याचीच नळी धरली आहे, ती हट्टाने नव्हे.

आणि खर्च? तंतू महाग, शिवाय नाजूक. आपल्याकडे साध्या युरोडायनॅमिक तपासणीसाठीही जिल्ह्यातून मोठ्या शहरात यावे लागते, व्हीलचेअरवरच्या माणसाला तर गाडी करून. पाण्याची नळी नीट भरणारा, बुडबुडे काढणारा आणि दर थोड्या वेळाने रुग्णाला खोकायला लावून दोन्ही रेषा सारख्या उसळतात का ते पाहणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आधी जिल्ह्यात हवा. खोकल्याची ही चाचणी प्रकाशतंतूलाही चुकलेली नाही.

ज्यांची तपासणी झाली आहे त्यांनी आलेखाचा कागद जपून ठेवावा. पुढची तपासणी दुसरीकडे होणार असेल, तर पहिली कोणत्या प्रकारच्या नळीने झाली होती, हे तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगावे.