घट्ट विणलं की भाव पडतो

‘एवढ्याशा अस्वलाचे दीडशे?’

गेल्या आठवड्यात आपल्या सटाण्यातच, चहाच्या टपरीवर ऐकलेला हा प्रश्न. मैत्रिणीने ऑर्डरचं लोकरीचं अस्वल विणून आणलं होतं, तळहाताएवढं. विचारणारा वाईट मुलगा नाही हो. देवमामलेदारांच्या यात्रेत त्याने याच्या तिप्पट मोठा टेडी स्वस्तात बघितला होता, एवढंच. पण प्रश्नातला ‘एवढ्याशा’ हा शब्द मला खटकला. का, ते सांगते.

रीलमध्ये तुम्ही ज्याला अमिगुरुमी म्हणता, ते जपानी नाव आहे. पण त्याचा टाका आपल्या घरचाच. आईला विचारा, ती ‘मुका खांब’ म्हणेल. तिच्या रुखवतातल्या रुमालांत आणि तोरणांत मोठे खांब आणि साखळ्या होत्या, कारण तिथे जाळीच हवी असते. खेळण्यात जाळी चालत नाही, भोकांतून आतला कापूस डोकावतो. म्हणून हा बुटका टाका, तोही घट्ट.

आता खरी गंमत. मुका खांब दोन तऱ्हांनी पडतो. टाक्यात सुई घातल्यावर धागा सुईवरून घेऊन ओढला, तर समोर इंग्रजी ‘व्ही’ दिसतो. तोच धागा सुईखाली ठेवून, वरून आकड्यात पकडून ओढला, तर फुली दिसते. फरक एवढासाच. पण फुलीचा टाका लहान आणि घट्ट बसतो, फेऱ्या कमी तिरक्या सरकतात आणि अस्वलाचं तोंड वाकडं होत नाही. टाका कमी करतानाही तसंच. दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या कड्या उचलून एक केला, तर जोड दिसत नाही. फक्त मागची कडी धरून विणलं तर पुढे रेघ उमटते, आणि त्या रेघेवरून पुढे फ्रॉकचा घेर काढता येतो. मला विचाराल तर खेळण्याला फुलीच. व्ही भरभर होतो, पण कापूस भरला की खरं काय ते कळतं.

पण घट्ट फुलीने विणलेलं अस्वल, तितक्याच टाक्यांत, व्हीच्या अस्वलापेक्षा लहान होतं. आणि आपण भाव करतो आकार बघून! म्हणजे जिने चांगलं विणलं, तिलाच कमी पैसे.

एका डोक्याचा हिशेब करू. सुरुवात ६ टाक्यांनी. दर फेरीला सहा वाढवत ३६ पर्यंत. मग ३६ च्याच आणखी सहा फेऱ्या. मग सहा-सहा कमी करत परत ६. बेरीज ४३२ टाके, नुसत्या डोक्याचे. अंग, हातपाय, कान आणि शिवण वेगळी. मैत्रिणीला सगळे मिळून चार तास लागले. लोकर, कापूस, डोळे यांचे चाळीस रुपये वजा केले, तर तासाला साडेसत्तावीस रुपये उरतात.

इथून जवळच मालेगावात यंत्रमाग आहेत, तिथे कापड मीटरवर निघतं. पण गोल फेऱ्यांत विणलेलं क्रोशाचं खेळणं बाजारात कुठेही दिसलं, तरी ते कुणीतरी हातानेच विणलेलं असतं. यात्रेतल्या टेडीशी त्याची तुलनाच होत नाही.

‘ती तर टाइमपास म्हणून करते,’ असं कुणी म्हणालं की मला नरसापूर आठवतं. आंध्रातल्या या भागात बायका घरी बसून क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशात जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की या बायकांना कामगार धरतच नव्हते. गृहिणी आहेत, फावल्या वेळात करतात, असं म्हटलं जायचं आणि मजुरी अगदी तुटपुंजी. चाळीस वर्षं उलटली, टपरीवर आपण तेच बोलतोय. फक्त आता ऑर्डर डीएमवर येते.

तेव्हा पुढच्या वेळी क्रोशाचं खेळणं घ्याल तेव्हा मोठं किती ते नका बघू. बोटांनी जरा ताणून पाहा, आतला कापूस दिसतो का. टाका व्ही आहे की फुली, तेही बघा.

आणि हो, त्या मुलाने शेवटी अस्वल घेतलं, एकशे वीसला. मैत्रीण ‘जाऊ दे गं’ म्हणाली. मी मात्र अजून जाऊ दिलेलं नाही.