देश कोणत्या डॉक्टरांनीं जोडला?

देशाच्या एकीकरणाचें श्रेय वांटावयास बसलें म्हणजे पुढारी पहिलें ताट ओढतात. अलीकडे विद्वान मंडळी डॉक्टरांना व शास्त्रसभांनाही वांटा देऊं लागलीं आहेत. द्यावा, तो खराच आहे. जर्मनी लहानमोठ्या संस्थानांत तुटून पडली होती, तेव्हां ओकेन नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञानें १८२२ सालीं लाइपझिग येथें शास्त्रज्ञ व वैद्य यांची सभा भरविली. इटलींत १८३९ सालीं पिसा येथें तशीच परिषद भरली, तर पोपनें आपल्या राज्यांतील विद्वानांना तिकडे जाण्यास मनाई केली. दगड आणि झाडपाला यांवर बोलणाऱ्यांची एवढी भीति कां? एका भाषेचे लोक एका छपराखालीं बसले कीं सरहद्दीचे दोर सैल होतात, हें त्याला कळत होतें. पुढें १८६१ सालीं इटलीचें राज्य झालें, १८७१ सालीं जर्मनी एक झाली.

पण आमचा प्रश्न निराळा आहे. छपराखालीं बसलें कोण, आणि उंबऱ्याबाहेर राहिलें कोण? मुंबईंत डॉ. भाऊ दाजी १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनमध्यें पुढें होते. डॉ. आत्माराम पांडुरंग यांनीं १८६७ सालीं प्रार्थना समाज काढला. १८८३ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्या आठ गृहस्थांत ते आणि सुतार जातीचे डॉ. सखाराम अर्जुन असे दोघे हिंदी होते. हीं कामें मोठीं. आम्ही तीं नाकारीत नाहीं. परंतु असोसिएशनचे अर्ज इंग्रजींत, सोसायटीचे निबंध इंग्रजींत. नांगर धरणाऱ्याच्या कानीं ते जावे कसे?

आतां पुण्याकडे पाहा. जातीचे गवळी, सत्यशोधक समाजाचे पुढारी, जोतीरावांच्या दुखण्यांत औषधोपचार करणारे डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं आपल्या गेलेल्या मुलीच्या स्मरणार्थ हौद बांधला आणि तो सर्व जातींना मोकळा केला. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. हा हौद त्याच्या कितीतरी आधींचा! १८९७ च्या प्लेगांत डॉ. यशवंत फुले यांनीं पुण्याबाहेर माळावर दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यांतलें रोगी पोर सावित्रीबाईंनीं पाठीवर घालून तेथें आणलें, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें त्या गेल्या. ज्या पाठीनें तें पोर उचललें, तिनें जेवढा देश जोडला तेवढा कोणत्या ठरावानें जोडला?

कोणी म्हणेल, ही भूतदया झाली, राष्ट्रकार्य नव्हे. त्यानें डॉ. फिर्खोचें चरित्र वाचावें. १८४८ सालीं तो सायलेशियांतील तापाची साथ पाहावयास गेला, आणि शिक्षण, लोकसत्ता व पोटभर अन्न हेंच औषध लिहून परत आला. ज्या देशांत एकाच पाण्याला दोन घाट आहेत, तो देश नकाशावर एक असून काय उपयोग?

आमच्या परभणीचेंच पाहा. १९४८ सालीं निजामाच्या राज्यांतून सुटलों, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलों, १९६० सालीं महाराष्ट्रांत. नकाशा तीनदां शिवला. पण डॉक्टर आणि रोगी यांच्यामधला टांका अद्याप कोणी घातला नाहीं. रात्रीं बाळंतीण अडली तर आधीं गाडी शोधा, मग डॉक्टर शोधा, आणि सांपडला तर त्यानें लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीचा अर्थ दुकानदाराला विचारा! शास्त्र मराठींत येत नाहीं, असें म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें वैद्यकसुद्धां उर्दूंतून शिकवून दाखविलें कीं नाहीं? त्या उर्दूनें आमच्या मराठी पोरांची वाट अडविली, हें खरें. पण देशी भाषेंत शास्त्र मावतें, हेंही तिनेंच सिद्ध केलें.

म्हणून डॉक्टरांच्या सभांना आमचें उघड सांगणें आहे. सत्कार पुरे झाले. एक वार्षिक सभा खेड्यांत भरवा. साथीची माहिती मराठींत छापून शाळेंत पाठवा. आम्ही शाळामास्तर ती घरोघर वाचून दाखवूं. औषधाची चिठ्ठी मायमाउलीला वाचतां येईल अशी लिहा. एवढें केलेंत तर एकीकरणाच्या इतिहासांत तुमचें नांव घालावें म्हणून विद्वानांची मनधरणी करावी लागणार नाहीं. तें गांवच्या तोंडीं आपोआप राहील.

— एक खेड्यांतील शाळामास्तर, जिल्हा परभणी