पुस्तकांना हार घालणे थांबवा!

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर लाखोंचा जनसागर लोटतो. प्रस्थापित माध्यमांना त्यात फक्त वाहतूक कोंडी आणि रेल्वेतली गर्दी दिसते. पण त्या मैदानावरचे पुस्तकांचे स्टॉल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की, फडक्यात भाकरी बांधून आलेला आमचा माणूस परत जाताना पिशवीत पुस्तके घेऊन जातो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर तेच, भीमा कोरेगावला तेच. पोटाला चिमटा काढून पुस्तक विकत घेणारा समाज म्हणून आम्ही छाती फुगवून हे सांगतो आणि ते सांगितलेच पाहिजे.

पण त्या पुस्तकांचे पुढे काय होते, हा प्रश्न आम्ही सहसा विचारत नाही. किती वाचली जातात, हा अर्धा प्रश्न झाला. वाचणाऱ्याला ती कशी वाटली आणि ते सांगण्याची मुभा त्याला आहे का, हा उरलेला अर्धा. आज आम्हाला त्याबद्दल बोलायचे आहे आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करायची आहे.

आमच्या वस्तीतल्या विहारात महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही वाचक बैठक घेत असू. एकाने पुस्तक वाचून यायचे आणि त्यावर बोलायचे, एवढाच नियम. एकदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी एका गाजलेल्या आत्मकथनावर बोलायला उभी राहिली. ती म्हणाली, "पुस्तकातलं दुःख खरं आहे. पण लेखकाची बायको अख्ख्या पुस्तकात दोनदाच दिसते. एकदा भाकरी थापताना आणि एकदा रडताना. तिला काय वाटत होतं, ते लेखकाला माहीतच नाही. मला हे पुस्तक अर्धंच खरं वाटलं."

बैठकीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते ताडकन म्हणाले, "पोरी, ज्यांनी भोगलं त्यांच्यावर बोट ठेवायची आपली लायकी आहे का?" आणि आम्ही? आम्ही टाळ्या वाजवल्या. ती मुलगी खाली बसली. पुढच्या महिन्यात ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्या दिवशी बैठकीत जे एकमेव खरे मत मांडले गेले होते, ते आम्ही टाळ्यांखाली गाडले.

मित्रांनो, पुस्तकावरचे मत ही साधी आवडीनिवडीची बाब नाही. कोणते पुस्तक चांगले, कोणते वाईट, हे ठरवण्याचा अधिकार या देशात काही मूठभरांनी हजारो वर्षे स्वतःकडे ठेवला. ज्याला वाचायलाच बंदी होती, त्याचे मत कोण विचारणार? आणि जेव्हा आमचे लोक लिहू लागले, तेव्हा या मूठभरांनी त्या पुस्तकांबद्दल काय मते दिली, तेही पाहा.

महात्मा फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली आले. त्यातल्या प्रश्नांना उत्तरे देण्याऐवजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून जोतिरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. गुलामगिरी आहे की नाही, यावर चर्चा नाही. चर्चा कशावर, तर शुद्धलेखनावर!

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, त्यांचे भाषण आधी वाचले आणि घाबरून परिषदच रद्द केली. मंडळाला काही भाग गाळून हवा होता. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि ते भाषण स्वखर्चाने छापले. तेच 'जातिप्रथेचे विध्वंसन'. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. कोणत्याही सुधारकाला हे भाषण टाळता येणार नाही, एवढे त्यांनी मान्य केले. पण आठ आणे किंमत जास्त झाली, ती दोन किंवा निदान चार आणे हवी होती, हेही सांगायला ते विसरले नाहीत. आणि मुख्य आक्षेप काय? तर धर्माची पारख त्याच्या सर्वात वाईट नमुन्यांवरून नव्हे, तर सर्वोत्तम नमुन्यांवरून करावी. म्हणजे ज्याच्या पायात काटा रुतला आहे, त्याला बागेतली फुले मोजायला सांगण्यासारखे झाले.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा ओरड झाली की भाषा अश्लील आहे, शब्द कळत नाहीत. संस्कृत शब्दांनी गच्च भरलेली कविता वाचताना हेच वाचक गुमान शब्दकोश उघडतात. कामाठीपुऱ्याचे शब्द अडले की मात्र दोष कवीचा! कोणत्या शब्दासाठी कोश उघडायचा आणि कोणत्या शब्दाला नाक मुरडायचे, हेसुद्धा जात ठरवते.

पुढे दया पवारांचे 'बलुतं' आले आणि आत्मकथनांची रांग लागली. तेव्हा शिव्यांची जागा अश्रूंनी घेतली. 'हृदयद्रावक', 'अंगावर काटा आणणारे', 'वाचून झोप लागली नाही'. झोप लागली नाही, मग उठून केले काय? घरातला वेगळा कप मोडीत काढला का? भाड्याने खोली देताना आडनाव विचारणे थांबवले का? ज्या मताने मत देणाऱ्याच्या आयुष्यात काडीचाही फरक पडत नाही, ते मत नव्हे. तो चैनीचा उसासा आहे.

इथपर्यंत आपण सगळे एकमेकांशी सहमत आहोत. इथे थांबलो तर या लेखालाही टाळ्या मिळतील. पण प्रश्न पुढे आहे.

प्रस्थापित वाचक आमच्या पुस्तकावर एक विशेषण टाकून मोकळा होतो. आम्ही काय वेगळे करतो? 'जळजळीत', 'क्रांतिकारी', 'प्रत्येकाने वाचलेच पाहिजे असे', 'मैलाचा दगड'. मुखपृष्ठाचा फोटो, निळे हृदय आणि जय भीम. त्याचे विशेषण दयेचे, आमचे विशेषण भक्तीचे. पुस्तकात काय आहे याचा पत्ता दोन्हीतून लागत नाही.

बाबासाहेब वाचक म्हणून कसे होते? १९१८ साली त्यांनी बर्ट्रांड रसेलच्या समाजाच्या पुनर्रचनेवरील पुस्तकाचे परीक्षण लिहिले. वय अवघे सत्तावीस. समोर जगप्रसिद्ध तत्त्वज्ञ. बाबासाहेबांनी पुस्तकाचे महत्त्व मान्य केले. भारतीय वाचक त्याचा आधार घेऊन आपल्या निष्क्रियतेलाच तत्त्वज्ञान म्हणतील, हा धोका दाखवला. आणि संपत्ती व पैशाचा मोह याबद्दलचे रसेलचे विवेचन कुठे अपुरे पडते, तेही निर्भीडपणे सांगितले. त्यात ना साष्टांग नमस्कार आहे, ना शिवीगाळ. एक माणूस दुसऱ्या माणसाशी बरोबरीने बोलतो आहे, इतकेच. आमच्या दृष्टीने तीच खरी समता.

आणि स्वतःच्या पुस्तकावरचे प्रतिकूल मत त्यांनी कसे वागवले? १९२३ च्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाला त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. आपल्या विद्यार्थ्याचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, असे कॅनन त्या प्रस्तावनेतच सांगतात. बाबासाहेबांनी ती सन्मानाने पुस्तकाच्या सुरुवातीला ठेवली. 'जातिप्रथेचे विध्वंसन'च्या १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीका छापली आणि सोबत आपले उत्तरही छापले. विरोधी मत लपवले नाही, वाचकाच्या हातात दिले. ज्याला आपल्या युक्तिवादाची खात्री असते, त्याला मतभेदाची भीती वाटत नाही.

जोतिरावांचेही तेच. ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' या १८८२ च्या पुस्तकावर सत्यशोधक गोटातूनच टीका झाली. आपल्याच चळवळीतले लोक म्हणून जोतिराव गप्प बसले नाहीत. 'सत्सार'मध्ये ते ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. आम्ही विहारात त्या मुलीसाठी एवढेही करू शकलो नाही! बेबीताई कांबळे यांना 'जिणं आमुचं' लिहिताना ते वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवावे लागले होते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे शीर्षकातच ठणकावून सांगावे लागले. तरीही एखादी मुलगी बायकोबद्दल प्रश्न विचारते तेव्हा आम्ही तिची लायकी काढतो?

मत द्यायचे म्हणजे काय, हे दोन-तीन प्रकारच्या पुस्तकांवरून पाहू.

आवडती कादंबरी विचारली की आमच्या कित्येक तरुणांच्या तोंडी शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चे नाव येते. सूतपुत्र म्हणून हिणवला जाणारा कर्ण आम्हाला आपला वाटतो, यात गैर काही नाही. आम्हीही ती रात्र-रात्र जागून वाचली आहे. पण शेवटी कर्णाचे दुःख कशाने मोठे होते? तो जन्माने क्षत्रिय निघतो म्हणून. मग अन्याय जातिव्यवस्थेचा नव्हता, चुकीच्या जातीत गणले जाण्याचा होता, असाच त्याचा अर्थ होत नाही का? कर्ण खरोखरच सूताच्या पोटी जन्मला असता तर एवढे अश्रू आले असते का? आता त्याच्या शेजारी बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा ठेवा. तिथे जात उघड झाल्यावर राजवंश निघत नाही, मार पडतो. दोन्ही वाचा. 'मृत्युंजय' आवडत असेल तर खुशाल आवडू द्या. पण का आवडते, हे स्वतःला विचारा.

दुसरा प्रकार यशाचे मंत्र देणाऱ्या पुस्तकांचा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या मुलांच्या खोल्यांत ती थप्पीने दिसतात. तुझी गरिबी तुझ्या विचारांत आहे, विचार बदल, पैसा आपोआप येईल, हा त्यांचा सूर. मागच्या जन्मीचे पाप म्हणून या जन्मी दारिद्र्य, असे आम्हाला पूर्वी सांगितले जायचे. आता मागच्या जन्माच्या जागी मनातले नकारात्मक विचार आले. दोष तोच, ज्याचा पाय चेपला त्याचा! त्यांतून वेळेचे नियोजन शिका, जरूर शिका. पण जमीन, शिक्षण आणि भांडवल कुणाकडे का आहे, हा प्रश्न ही पुस्तके का विचारत नाहीत, हेही नोंदवा.

तिसरी गोष्ट घरातली आणि म्हणून अवघड. अण्णाभाऊ साठेंनी 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आणि आज आमच्यातलेच काहीजण अण्णाभाऊ त्यांचे, बागूल आमचे, अशी लेखकांची वाटणी करतात. पुस्तक उघडण्याआधी लेखकाची पोटजात पाहणारा वाचक ब्राह्मणी वाचकापेक्षा कोणत्या बाबतीत वेगळा आहे, हे आम्हाला कुणीतरी समजावून सांगावे.

यावर एक आक्षेप येणार, हे आम्ही जाणतो. शत्रू टपून बसलेला असताना आपल्याच पुस्तकांच्या उणिवा कशाला काढायच्या? आक्षेप पोकळ नाही. 'रिडल्स इन हिंदुइझम'च्या वेळी आपण ते अनुभवले आहे. शासनाने १९८७ साली तो खंड प्रकाशित केला, त्यावर वादळ उठले, ग्रंथ जाळला गेला. १९८८ च्या सुरुवातीला आमची माणसे मुंबईच्या रस्त्यावर उतरली आणि त्यांनी बाबासाहेबांचा शब्द राखला. त्या मोर्चाचे मोल कधीच कमी होणार नाही. पण जो ग्रंथ वाचवण्यासाठी मागची पिढी रस्त्यावर उतरली, तो आजच्या पिढीतल्या किती जणांनी उघडला? ग्रंथावरचा हल्ला परतवणे हे एक काम आहे. तो ग्रंथ वाचून स्वतःचे मत बनवणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही. आपली पुस्तके आपण कसून वाचली नाहीत तर त्यांच्यावरच्या खोट्या आरोपांना उत्तर कशाच्या जोरावर देणार? घोषणांच्या?

आणि ज्यांनी भोगले त्यांच्याबद्दल बोलायचे नाही, हा नियम आला कुठून? आमची परंपरा तर बुद्धाची आहे. ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागताची. भोगलेल्याचा आदर करायचा तर त्याचे पुस्तक नीट वाचा, त्याच्याशी वाद घाला. हार घालून फोटोशेजारी ठेवलेले पुस्तक मेलेले असते.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, एक साधी गोष्ट करा. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत एक शंभर पानी वही ठेवा. जो पुस्तक वाचेल त्याने त्यात चार ओळी लिहाव्यात : पुस्तक काय म्हणते, मला काय पटले, काय पटले नाही आणि यात कोण दिसत नाही. कविता असो, कादंबरी असो, अर्थशास्त्र असो, यशाचा मंत्र असो, प्रश्न हेच. विशेषणांना बंदी. नववीतल्या मुलाचे मत आणि प्राध्यापकाचे मत एकाखाली एक येऊ द्या. कुणी कुणाची लायकी काढायची नाही.

आमच्या विहारात अशी वही आम्ही ठेवली आहे. पहिले पान कोरे सोडले आहे. ते त्या मुलीचे आहे. तिच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बघते." ती येईल की नाही, माहीत नाही. पण आली तर या वेळी टाळ्या कधी वाजवायच्या, हे आम्हाला कळलेले असेल.

जय भीम!