ग्रीन हॉस्पिटलचे पाच बोनस पॉइंट कशावर लावायचे?

नाशकात नवीन बांधकामाच्या बोर्डावर 'ग्रीन बिल्डिंग' वाचायची आता सवय झालीये. पण बोर्ड हॉस्पिटलचा असला की मला 21 एप्रिल 2021 आठवतो. त्या दिवशी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना लिक्विड ऑक्सिजन गळायला लागला. पांढऱ्या धुराचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. आत वॉर्डात ऑक्सिजनचा दाब पडला आणि 22 रुग्ण दगावले.

याचा ग्रीन बिल्डिंगशी काय संबंध? संबंध आहे, फक्त तो स्कोअरकार्डच्या एका कोपऱ्यात आहे.

'लीड' हे जगभर चालणारं सर्टिफिकेट. त्याच्या चौथ्या आवृत्तीत एकूण 110 गुण आहेत. 50 ला सिल्व्हर, 60 ला गोल्ड, 80 ला प्लॅटिनम. बहुतेक गुण पाणी, वीज, बांधकाम साहित्य, आतली हवा अशा ठरलेल्या गोष्टींचे. 6 गुण मात्र 'इनोव्हेशन'चे. त्यातला 1 टीममध्ये लीडचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ असला की मिळतो. उरलेले 5 कशासाठी घ्यायचे, हे बऱ्याच अंशी तुम्हीच ठरवता.

आता पैशाचा भाग. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ग्रीन इमारतीला जास्तीचा एफएसआय मिळतो: सिल्व्हरला 3 टक्के, गोल्डला 5, प्लॅटिनमला 7. म्हणजे 59 आणि 60 मधला एक गुण फक्त सर्टिफिकेटचा रंग बदलत नाही, बांधता येणारी जागा वाढवतो. मग इनोव्हेशनचे गुण 'रेषा ओलांडायला' वापरले जातात आणि साहजिकच सगळ्यात स्वस्त ते आधी उचलले जातात. लॉबीत माहितीचे फलक लावा, एक गुण. कमी पाऱ्याचे दिवे लावा, एक गुण. (एलईडीत पारा नसतोच, आणि आज एलईडीशिवाय दुसरं कोण काय लावतं?)

आमच्या धंद्यात याला तोड आहे. टेस्ट कव्हरेज 80 टक्के हवं म्हटलं की लोक सोप्या फंक्शनच्या टेस्ट लिहितात, आणि पेमेंटचा अवघड कोड तसाच राहतो. आकडा हिरवा, सिस्टिम तीच. मीही हे केलंय.

सगळेच सोपे गुण फुकाचे नसतात, हेही खरं. साफसफाईच्या रसायनांचा गुण हॉस्पिटलमध्ये कामाचा आहे, कारण तो तीव्र वास रुग्ण आणि सफाई कर्मचारी दिवसभर छातीत घेतात. पण पाच जागांत निदान दोन तरी या इमारतीच्या खऱ्या धोक्याला द्यायला हव्यात.

पहिली जागा सरळ आहे. लीडमध्ये 'पायलट' क्रेडिटची एक यादी असते. तिच्यात वीज तुटली तरी इमारत किती वेळ राहण्याजोगी राहते आणि बॅकअप कशाकशाला पुरतो, यावर एक क्रेडिट आहे. मे महिन्यात 40 अंशांत एसी बंद पडला तर आयसीयूचं काय, हा प्रश्न इथे कागदावर येतो. 2025 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत तर हवामानाच्या धोक्यांचा अभ्यास सक्तीचाच केलाय.

दुसरी जागा गॅसच्या पाइपलाइनला द्यावी असं मला वाटतं. इथे एक अडचण आहे. इनोव्हेशनचा गुण मोजता येणाऱ्या पर्यावरण-फायद्यासाठी असतो. ऑक्सिजन गळाला तर माणसं जातात, पण हवामानाचं काही बिघडत नाही. तेव्हा 'ऑक्सिजन अलार्म' म्हणून अर्ज केला तर तो टिकणं कठीण.

पण त्याच हॉस्पिटलमध्ये भूल देताना वापरायचा नायट्रस ऑक्साइड असतो, आणि तोही बऱ्याच ठिकाणी पाइपमधूनच येतो. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमान वाढवतो. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांनी विकत घेतलेले सिलिंडर आणि ऑपरेशन थिएटरमधला वापर यांचा हिशोब जुळवून पाहिला, तेव्हा बहुतांश गॅस रुग्णापर्यंत न पोचताच वाया जातो असं दिसलं. तिथे आता पाइपलाइन बंद करून टेबलाजवळ छोटे सिलिंडर ठेवायला लागलेत.

म्हणजे अर्ज नायट्रसच्या गळतीवर करायचा, आणि दाब व प्रवाह मोजणारी यंत्रणा दोन्ही गॅसच्या लाइनला बसवायची. अर्जात चार गोष्टी लागतात: हेतू, अट, पुरावा आणि पद्धत. पुरावा म्हणजे दर मिनिटाची नोंद, महिन्याची खरेदी आणि वापर यांतला फरक. गुण नायट्रसचा मिळेल, आणि तीच स्क्रीन ऑक्सिजनचा दाब घसरताना दाखवेल.

सेन्सर गळती थांबवत नाही, हे मात्र विसरू नका. अलार्म आला की कुठला व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा, दुसरा साठा किती सेकंदांत लाइनवर घ्यायचा, याची रंगीत तालीम लागते. रात्री तीन वाजता फोन सायलेंटवर असलेला ऑपरेटर हा सगळ्यात जुना बग आहे.

2027 च्या सिंहस्थासाठी शहरात आरोग्यसेवेच्या तयारीची चर्चा सुरूच राहणार. कुठल्या हॉस्पिटलने 'लीड गोल्ड' लिहिलेलं दिसलं तर लीडच्या वेबसाइटवर प्रकल्पांची यादी उघडा. प्रमाणित इमारतींची स्कोअरकार्डं तिथे मोबाइलवरही दिसतात. खाली जा आणि इनोव्हेशनच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा.